स्मरणधर्माचे व्रती म्हाइंभट

जीव देह सोडून गेल्यावर त्याचे पुढे काय होते, हा एक प्रश्न. आणि मागे राहिलेल्यांनी त्याच्यासाठी काय करावे, हा दुसरा. लोकव्यवहारात हे दोन्ही प्रश्न एकच मानले जातात आणि त्यामुळेच पुष्कळ घोटाळा होतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने द्यावयाचे असते. दुसऱ्याचे उत्तर बहुधा रूढी देऊन मोकळी होते. वासनिकांच्या घरी मृत्यू घडला की हा घोटाळा उंबऱ्याशी येऊन उभा राहतो. घरातील मंडळींनी उपदेश घेतलेला असतो. परंतु भाऊबंद, सोयरे आणि गावकरी दहाव्याचा पिंड, कावळ्याचा स्पर्श, तेरवीची पंगत यांचा आग्रह धरून बसतात. नाही म्हणावे तर मेलेल्या बापाला विसरलात असा ठपका येतो; होय म्हणावे तर घेतलेल्या उपदेशाशी विसंगती घडते. अशा वेळी नुसता वाद उपयोगी पडत नाही. एखाद्या थोर पुरुषाने हाच प्रश्न आयुष्यभर कसा सोडविला, हे पाहणे अधिक हिताचे असते. यास्तव पंथाचे आद्य चरित्रकार पंडित म्हाइंभट यांचे चरित्र या दृष्टीने येथे विवरून पाहावयाचे आहे.

म्हाइंभट हे मूळचे सराळे गावचे. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या परिसरात हे गाव येते. गणपती आपयो यांच्यासारख्या विद्वानाच्या सहवासात त्यांचे शास्त्राध्ययन झाले, आणि प्राभाकर मीमांसेत त्यांनी विशेष प्रावीण्य मिळविले. हा तपशील सामान्य वाचकाला किरकोळ वाटेल. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. मीमांसा हे शास्त्रच मुळी कर्म आणि त्याचे मरणोत्तर फळ यांचा संबंध लावण्यासाठी उभे राहिले आहे. यज्ञ आज होतो आणि स्वर्ग मेल्यानंतर मिळतो. मधल्या काळात ते कर्म तर संपून गेलेले असते. मग फळ कशाच्या आधाराने येते? या शंकेचे उत्तर मीमांसकांनी अपूर्व नावाच्या अदृश्य सामर्थ्याची कल्पना करून दिले. प्राभाकरांनी त्याचीच मांडणी नियोगाच्या अंगाने केली. तात्पर्य, मृत्यूच्या अलीकडील कृती आणि पलीकडील भोग यांच्यामधला सेतू बांधणे, हेच या शास्त्राचे मुख्य काम होते, आणि म्हाइंभट त्या कामातील तरबेज पंडित होते.

त्याच मीमांसेत एक अडचणीची जागाही आहे. शास्त्रोक्त कर्माचे फळ ते कर्म करणाऱ्यालाच मिळते, असा तिचा सामान्य नियम. श्राद्धात मात्र कर्म पुत्र करतो आणि तृप्ती पितरांची होते असे मानावे लागते. पुत्रजन्मानंतर पित्याने करावयाच्या वैश्वानर इष्टीचे फळ पुत्राला मिळते, हा अपवाद जैमिनीच्या परंपरेने वचनाच्या बळावर मान्य केला, आणि पुढच्या ग्रंथकारांनी श्राद्धाचीही उपपत्ती त्याच वाटेने लावली. नियम एक आणि व्यवहार दुसरा असा हा प्रकार आहे. एकाने केलेले दुसऱ्याला कसे पोचते, ही शंका शास्त्राला अपरिचित नव्हती. तिला अपवादाच्या कोपऱ्यात बसविले होते, एवढेच.

म्हाइंभटांच्या काळी हा विषय देवगिरीच्या राज्यात किती विस्ताराने चर्चिला जात होता, याची साक्ष एका ग्रंथाने दिली आहे. यादव राजा महादेव याचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ नावाचा धर्मशास्त्राचा महानिबंध संस्कृतात रचिला. महादेवाचे राज्य इ. स. १२६० ते १२७० या दशकातले. या निबंधातील श्राद्धाचे प्रकरण एवढे विशाल आहे की छापील रूपात त्याची पृष्ठे हजाराच्या वर जातात. कोणत्या तिथीस, कोणत्या द्रव्याने, कोणत्या ब्राह्मणास बसवून, कोणत्या पात्रात, कोणत्या दिशेस तोंड करून पितरांना काय द्यावे, याचा सूक्ष्मातिसूक्ष्म विचार त्यात आहे. हेमाद्रीच्या विद्वत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा संस्कृत महानिबंध आणि ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्यग्रंथ हे दोन्ही एकाच राज्यात, फार तर दोन दशकांच्या अंतराने निर्माण झाले. एकाने गेलेल्यांना काय द्यावे याची यादी केली. दुसऱ्याने जे दृष्टीआड झाले ते कसे होते याची नोंद केली. म्हाइंभटांचे शिक्षण पहिल्या परंपरेत झाले होते आणि त्यांच्या हातून कार्य मात्र दुसऱ्या प्रकारचे घडले. हे परिवर्तन कसे झाले, तेच त्यांच्या चरित्राचे मर्म होय.

परमेश्वर सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंचे वास्तव्य गोदातीरी डोमेग्राम येथे असताना म्हाइंभट त्यांच्या दर्शनास आले. दर्शनास आले म्हणण्यापेक्षा वादाच्या इच्छेने आले, असे म्हणणे अधिक योग्य. शास्त्राचा अभिमान त्यांच्या ठिकाणी होता, आणि तशा अभिमानाला त्या काळी समाजात मानही होता. परंतु प्रभूंच्या सन्निधानात शास्त्र मुखोद्गत असणे निराळे आणि मोक्षाची तळमळ असणे निराळे, हा भेद त्यांना उमगला. दुसऱ्यांच्या मरणोत्तर गतीची व्यवस्था सांगणाऱ्या पंडिताला स्वतःच्या गतीचा विचार प्रथमच करावा लागला. वादात पडती बाजू आली. तथापि तेथल्या तेथे घरदार सोडून ते प्रभूंना अनुसरले नाहीत. ज्ञान झाले तरी आचार होण्यास वेळ लागतो. घर, मान, विद्येची कमाई या गोष्टी एका भेटीत सुटत नाहीत. आपल्यापैकी बहुतेकांचा अनुभव याहून वेगळा नाही.

इ. स. १२७४ च्या सुमारास प्रभूंनी उत्तरापंथे गमन केले. म्हाइंभटांचे अनुसरण त्यानंतरचे, रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानातले. याचा अर्थ असा की, ज्या परमेश्वराच्या लीळा पुढे त्यांनी लिहून ठेविल्या, त्यांच्या नित्य सहवासाचे भाग्य त्यांना लाभले नव्हते. मार्ग चालताना मागे राहणे, भिक्षेची झोळी उघडून दाखविणे, बिढारी निरूपण ऐकणे हे सर्व इतर भक्तजनांनी अनुभविले. म्हाइंभटांच्या वाट्याला आल्या त्या मोजक्या भेटी. म्हाइंभटांच्या पुढील सर्व कार्याकडे पाहताना ही उणीव दृष्टीआड करता येत नाही. ज्याच्यापाशी स्वतःच्या आठवणी थोड्या असतात, त्याला इतरांच्या दारी जाऊन विचारावेच लागते.

येथे सिद्धांताचा थोडा विचार करणे अवश्य आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र व अनादी आहेत. जीव अनादी अविद्येने बद्ध आहे. त्याच्या कर्मानुसार त्याला नरक, स्वर्ग आणि कर्मभूमी ही फळे भोगावी लागतात. मोक्ष हे चौथे फळ मात्र परमेश्वराच्या कृपेनेच प्राप्त होते. देवतांच्या उपासनेने मिळणारी फळे मोठी असली तरी ती सरणारी आहेत. या मांडणीत गेलेल्या जीवाचा हिशेब पूर्णपणे त्याच्या स्वतःच्या क्रियेवर चालतो. मागे राहिलेल्या पुत्राने देवतेच्या द्वारे काही पाठवावे आणि त्याने पित्याची गती पालटावी, याला येथे जागाच उरत नाही. मीमांसेचा जो सामान्य नियम श्राद्धापाशी येऊन अडखळत होता, तो येथे अपवादाशिवाय लागू होतो.

परमेश्वराची गोष्ट तर आणखी वेगळी. परमेश्वर अवतार धारण करतो आणि तो देह त्यजितो किंवा दृष्टीआड होतो. त्याला मृत्यू म्हणता येत नाही. म्हणून त्याच्यासाठी शोकाचे विधी नाहीत, तर असन्निधानाचा आचार आहे. सन्निधानात जे सेवेने साधते, ते असन्निधानात स्मरणाने साधावे लागते. आणि त्या स्मरणाला आधार म्हणून स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही चार साधने दिलेली आहेत. प्रभूंचे चरण जेथे लागले ती स्थाने, त्यांच्या श्रीमूर्तीशी संबंध आलेल्या वस्तू, त्यांच्या आज्ञेत वागणारे भिक्षुक आणि त्यांच्या वासनेचे गृहस्थ, या चौघांच्या ठायी आदर ठेवावयाचा. या चारही गोष्टींचे महत्त्व एका प्रश्नावर उभे आहे. येथे प्रभू खरोखर आले होते काय? ही वस्तू खरोखर त्यांची काय? हे वचन खरोखर त्यांनीच निरूपिले काय? याचे खात्रीचे उत्तर नसेल तर ओट्याला घातलेला दंडवत रिकाम्या जागेला जाईल. असन्निधानाचा आचार साक्षीवर अवलंबून आहे, आणि साक्षी देणारी माणसे तर एकामागून एक देह ठेवणारी.

म्हाइंभटांनी हा धोका ओळखला. रिद्धपुरी वाजेश्वरी येथे श्रीनागदेवाचार्य प्रभूंच्या एकेका लीळेचे मनन करीत बसत. ते मनन त्यांच्यापुरते होते; त्यातून त्यांचा दिवस जाई आणि विरह सह्य होई. म्हाइंभटांनी त्यांना पुसले की आपण काय करीत आहात, आणि उत्तर ऐकल्यावर विनविले की या लीळा लिहून ठेविल्या तर पुढच्यांना स्मरणास आधार होईल. भटोबासांनी अनुज्ञा दिली. ते आठवून सांगू लागले आणि म्हाइंभट लिहून घेऊ लागले. सामान्यतः हा काळ शके १२०० (इ. स. १२७८) च्या सुमाराचा मानला जातो. एका शिष्याचे खासगी मनन येथे सर्वांच्या उपयोगी पडणारे धन झाले. दिवंगत किंवा दृष्टीआड झालेल्याविषयीचे प्रेम स्वतःपाशी कोंडून ठेवणे आणि ते दुसऱ्याच्या हाती देणे, यांतला फरक त्या दिवशी वाजेश्वरीला दिसला.

भटोबासांची स्मृती असामान्य असली तरी प्रत्येक प्रसंगी ते उपस्थित नव्हते. म्हणून म्हाइंभट इतर भक्तजनांकडे गेले. महदाइसा, आबाइसा, उमाइसा, साधे यांसारख्या स्त्रियांनी प्रभूंच्या लीळा जवळून पाहिल्या होत्या. चिकित्सक महदाइसेने तर प्रश्न विचारूनच पुष्कळ निरूपण घडवून आणले होते. शास्त्राभ्यास केलेल्या पंडिताने स्त्रियांपुढे बसून त्या सांगतील ते उतरवून घ्यावे, हे त्या काळच्या रीतीला धरून नव्हते. परंतु मीमांसेने शिकविलेला प्रामाण्याचा विचार येथे त्यांच्या कामी आला. साक्षीचे मोल साक्षी कोणत्या जातीचा, लिंगाचा किंवा विद्येचा आहे यावरून ठरत नाही. त्याने ती गोष्ट डोळ्यांनी पाहिली काय, यावरून ठरते. पूर्वीच्या विद्येतील कस त्यांनी टाकला नाही. त्या कसोटीवर लावावयाचे सोने तेवढे बदलले.

त्यांच्या पद्धतीतील सर्वांत मोलाची गोष्ट अशी की, दोन साक्षींत भेद आढळला तर त्यांनी तो दडपला नाही. एक लीळा एका भक्ताने एका प्रकारे सांगितली आणि दुसऱ्याने अन्य प्रकारे, तर ग्रंथात दोन्ही प्रकार नोंदले गेले, आणि भिन्न कथन ज्याचे असेल त्याच्या नावाने त्याची वासना म्हणून ते दाखविले गेले. जेथे अधिक शोध लागला तेथे तो शोधही वेगळा दाखविला. ‘लीळाचरित्र’ वाचणाऱ्याला ही खूण पदोपदी भेटते. श्रद्धेच्या ग्रंथात मतभेद ठेवल्याने श्रद्धा ढळेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. म्हाइंभटांना ती वाटली नाही. ज्याच्यावर आपली श्रद्धा आहे त्याच्याविषयी अधिक-उणे बोलले जाऊ नये, याचीच त्यांना धास्ती होती.

ग्रंथाची योजनाही याच सावधपणाची साक्ष देते. एकांकात प्रभूंच्या एकाकी भ्रमणाच्या काळातील लीळा येतात. तेव्हा बरोबर कोणी भक्त नसल्याने त्या प्रभूंनीच पुढे कधी प्रसंगोपात्त सांगितलेल्या. म्हणून त्या मोजक्या आहेत आणि त्या भरून काढण्याचा प्रयत्न केलेला नाही. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांत मात्र साक्षी पुष्कळ, म्हणून लीळाही पुष्कळ. जेथे साक्षी नाही तेथे मौन, हा नियम ग्रंथभर पाळलेला दिसतो. प्रभूंचे भोजन, निद्रा, चालणे, थट्टा, कोणाला जडलेले दुखणे, भक्तांमधील रुसवे, हे सर्व जसे घडले तसे येते. आणि डोमेग्रामी आलेल्या अभिमानी पंडिताची गोष्टही येते. तो पंडित म्हणजे लेखक स्वतःच. स्वतःची पडती बाजू त्यांनी गाळली नाही आणि तिला नम्रतेचा मुलामाही चढविला नाही. इतर कोणा भक्ताच्या भेटीप्रमाणे तीही एक भेट म्हणून लिहिली.

पुढे इ. स. १२८७ च्या सुमारास श्रीगोविंदप्रभूंनी देह त्यजिला. रिद्धपूर पोरके झाले. हे असन्निधान म्हाइंभटांनी स्वतः अनुभविले, कारण श्रीप्रभूंच्या सेवेत ते होते. पहिल्या ग्रंथासाठी त्यांना दारोदार हिंडावे लागले होते. दुसऱ्यासाठी त्यांची स्वतःचीही साक्ष होती. श्रीगोविंदप्रभूंचे चरित्र त्यांनी ‘ऋद्धिपूरलीळा’ म्हणून सिद्ध केले. श्रीप्रभूंचे वागणे लोकरीतीला धरून नसे. परके लोक त्यांना वेडे समजत आणि गावची दीनदुबळी माणसे त्यांना मायबाप मानीत. चरित्रकाराने यांपैकी एकही बाजू झाकली नाही. लोकांना जे विपरीत दिसले तेही लिहिले आणि ज्या विहिरीला पाणी लागले, ज्या अनाथाला आसरा मिळाला तेही लिहिले. स्वामी गेल्यावर त्यांची मूर्ती लोकांना रुचेल अशी घडवावी, हा मोह किती मोठा असतो, हे जाणणाऱ्याला या संयमाचे मोल कळेल.

हे सर्व मराठीत लिहिले गेले. मीमांसेच्या पंडिताला संस्कृत कठीण नव्हते. परंतु ज्यांच्या तोंडून लीळा ऐकल्या त्यांच्या भाषेत त्या राहिल्या, तरच त्या त्यांना परत वाचून दाखविता येणार होत्या आणि चूक असेल तर त्या ती दाखविणार होत्या. पुढे केशिराजबासांनी प्रभूंची वचने निवडून ‘सूत्रपाठ’ व ‘दृष्टांतपाठ’ सिद्ध केले. ते संस्कृत रचनेतही निष्णात होते. संस्कृतात लिहिल्याने प्रभूंच्या म्हाताऱ्या भक्त स्त्रिया वंचित होतील, असे नागदेवाचार्यांनी त्यांना बजावल्याची हकिगत पंथात सर्वश्रुत आहे. स्मरणाचा अधिकार ज्या कोणाला आहे त्याला ते स्मरण कळले पाहिजे. न कळणारे मंत्र मोबदल्याने दुसऱ्याकडून म्हणवून घेणे आणि कळणारी लीळा स्वतः आठवणे, या दोहोंतील अंतर त्या भाषेच्या निवडीत सामावलेले आहे.

आता या चरित्रातील सर्वांत खेदाची गोष्ट. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली. पुढील दोन दशकांत दिल्लीच्या फौजा वारंवार आल्या आणि इ. स. १३१८ च्या सुमारास यादवांचे राज्य पूर्णपणे लयाला गेले. या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली. म्हाइंभटांनी आयुष्य वेचून जमविलेले साक्षीचे धन एका धाडीत गेले. येथे परंपरा तुटली असती तर आश्चर्य वाटले नसते. परंतु ग्रंथ पोथीत होता तसा माणसांच्या मुखातही होता. हीराइसेसारख्या भक्त स्त्रीला तो पाठ होता. तिच्या आठवणीतून तो पुन्हा उतरविला गेला, आणि इतरांच्याही आठवणींतून निरनिराळे पाठ सिद्ध झाले. आज जे पाठभेद दिसतात त्यांचे मूळ या आपत्तीत आहे. म्हाइंभटांनी स्त्रियांकडून ऐकून जे लिहिले, ते शेवटी एका स्त्रीनेच वाचविले.

पुढे चौदाव्या शतकात रवळोव्यासांची सकळ लिपी आली आणि पोथ्या सांकेतिक अक्षरांत गेल्या. त्यामुळे त्या जपल्या गेल्या आणि लोकांपासून दूरही राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या परिश्रमाने त्या लिपीचा उलगडा अभ्यासकांना झाला. हरि नारायण नेने यांनी १९३६-३७ च्या सुमारास लीळाचरित्राचे संपादन प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि १९७८ साली वि. भि. कोलते यांची आवृत्ती निघाली. सातशे वर्षांनंतर महाराष्ट्राला कळले की तेराव्या शतकात माणसे कशी बोलत, काय खात, कोणत्या वाटेने चालत. म्हाइंभटांना हे अभिप्रेत नव्हते. त्यांना केवळ स्मरणाला आधार हवा होता. खरे लिहिलेले ज्यासाठी लिहिले त्याच्या पलीकडेही उपयोगी पडते.

या चरित्रावरून आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. परमेश्वराचे स्मरण आणि आपल्या आप्ताची आठवण यांची गल्लत होता कामा नये, हे आधीच सांगितले पाहिजे. परमेश्वराचे स्मरण हे साधन आहे. त्याने स्मरण करणाऱ्याचे हित होते. जीव कितीही प्रिय असला तरी त्याचे स्मरण तारक नव्हे. परंतु जीवाविषयी कृतज्ञताही बाळगू नये, असे पंथाने कोठे शिकविले आहे? नागदेवाचार्य हे जीवच होते. त्यांच्यानंतर पंथाने त्यांच्या नावाने पिंड घातले नाहीत. ‘स्मृतिस्थळ’ सिद्ध केले. ते काय म्हणाले, कोणाला कसे सावरले, कोठे रागावले, कोठे रडले, हे सर्व शिष्यांनी नोंदविले. म्हाइंभटांच्या वाजेश्वरीच्या विनंतीची हकिगतही तेथेच जपलेली आहे. साधनवंतांचा देह भूमीत ठेवण्याची आपली रीतही हेच सांगते. देहाची मातबरी नको; आचाराची आठवण राहू द्यावी.

कोणी म्हणेल, श्राद्ध सोडले तर पित्याचे ऋण कसे फिटणार? ही शंका उडवून लावण्याजोगी नाही. वर्षातून एक दिवस तरी बापाचे नाव घरात निघते, सर्व भावंडे एकत्र बसतात, ही श्राद्धातील मानवी बाजू खरी आहे. ती नाकारणाऱ्याने तिच्या जागी काही तरी दिले पाहिजे. म्हाइंभटांच्या चरित्रातून ते मिळते. ज्या दिवशी भाऊबंद जमतील त्या दिवशी श्रीमद्भगवद्गीतेचे व लीळाचरित्राचे पठण करावे, भिक्षुकांस यथाशक्ती अन्नवस्त्र द्यावे, स्थानाला दंडवत घालावे. यातील कोणतीही गोष्ट गेलेल्याला पोचविण्यासाठी नाही. ती आपल्या स्वतःच्या आचाराचा भाग आहे, हे मनाशी स्पष्ट असावे. मग एक वही काढावी. गेलेल्याने उपदेश कोणाकडून घेतला, कोणती स्थाने वंदिली, कोणती सूत्रे त्याच्या तोंडी असत, कोणाच्या अडचणीला तो धावला, कोठे चुकला आणि कसा सावरला, हे ज्यांनी पाहिले त्यांच्या नावासह लिहून ठेवावे. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही लिहावे. आजी असेल तर तिला प्रथम विचारावे.

या वहीला खर्च नाही. तेरवीच्या पंगतीसाठी शेत गहाण टाकणाऱ्या किंवा सावकाराच्या दारी जाणाऱ्या कुटुंबांची गावोगाव कमतरता नाही. गेलेल्याचा मान राखण्यासाठी राहिलेल्यांची दुर्दशा करून घेण्याचा हा व्यवहार आहे. ज्या जीवाने आयुष्यभर मुलांच्या पोटाची काळजी वाहिली, त्याच्या नावाने त्याच मुलांना कर्जात लोटणे, याला आदर कसे म्हणावे? सोयऱ्यांना हे शांतपणे सांगावे. त्यांच्या श्रद्धेची टवाळी करू नये; प्रभूंच्या भक्ताला ते शोभत नाही. ज्यांना आपल्या घरी पिंड घालावयाचा आहे त्यांनी तो घालावा. आपल्या घरी मात्र काय करावयाचे ते आपण आधीच, घरात कोणी आजारी पडण्यापूर्वी, ठरवून ठेविले पाहिजे. दुःखाच्या घटकेला माणूस बोलेल त्याचे ऐकतो, आणि मग पुढे वर्षभर मनाला टोचणी लागते.

आणखी एक सावधगिरी म्हाइंभटांपासून शिकावी. मेलेल्याविषयी चांगलेच बोलावे असा लोकांचा नियम आहे, आणि त्या नियमाने पुष्कळांची आठवण खोटी होऊन बसते. अतिशयोक्तीने गौरवलेला पूर्वज नातवंडांच्या उपयोगी पडत नाही. त्याच्या पावलावर पाऊल ठेवता येत नाही, कारण ती पावले त्याची नसतातच. स्वतःच्या पराभवाची लीळा लिहून ठेवणाऱ्या चरित्रकाराचे आपण अनुयायी आहोत. आपल्या वडीलधाऱ्यांविषयी आपण तेवढेच प्रामाणिक राहिलो, तर त्यांच्यातील खरा गुण पुढच्या पिढीला ओळखू येईल आणि आचरताही येईल.

रिद्धपुरास जाणाऱ्या वासनिकांनी श्रीप्रभूंच्या स्थानांना दंडवत घातल्यावर वाजेश्वरीला अवश्य जावे आणि तेथे क्षणभर बसावे. त्या ठिकाणी एक वृद्ध आचार्य आठवून सांगत होता आणि मीमांसेचा एक पंडित खाली मान घालून लिहीत होता. त्या पंडिताला कोणाची गती पालटण्याची आकांक्षा नव्हती. जे घडले ते हरवू नये, एवढीच काळजी तो वाहत होता. आपल्या घरातील वडीलधारी माणसे अजून बोलती आहेत, तोवर ती काळजी आपणही वाहावी, हीच या चरित्रचिंतनाची विनंती.

दंडवत प्रणाम.